मंग झाडस कोन?

या अंकात एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेवर लेख यावा, हे काही वाचकांना खटकेल. आपल्यापुढचे प्रश्न काय थोडे आहेत, की ताऱ्यांतून हिंडणाऱ्या यानाच्या गोष्टींवर शाई खर्च करावी? हा आक्षेप मी मनाशी पुष्कळदा घेतला आहे. परंतु गेली बारा-तेरा वर्षे मी ही मालिका पाहतो आहे, तिच्यातल्या काही कथा धुळ्याच्या वर्गात इंग्रजी शिकवताना मुलांना सांगतो आहे, आणि दर वेळी अंतराळात सुरू झालेली चर्चा गावकुसापाशी येऊन थांबते. ती का थांबते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मालिकेचे नाव 'स्टार ट्रेक'. जीन रॉडनबेरी या लेखकाने ती निर्माण केली. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि ७९ भागांनंतर १९६९ साली ती बंद पडली. पुढे १९८७ पासून तिच्या नव्या शाखा निघत गेल्या. त्यांतल्या 'द नेक्स्ट जनरेशन' आणि 'डीप स्पेस नाइन' या दोन मला विशेष जवळच्या. सगळ्या शाखा मिळून आठशेहून अधिक भाग होतात. कल्पना थोडक्यात अशी : दोन-तीनशे वर्षांनंतरची पृथ्वी भूक, गरिबी आणि युद्ध यांतून बाहेर पडलेली आहे. अनेक ग्रहांचा मिळून एक संघ झालेला आहे. त्या संघाचे 'एंटरप्राइज' नावाचे यान नव्या जगांचा शोध घेत हिंडते आणि दर आठवड्याला कोठे ना कोठे एखाद्या समाजाच्या प्रश्नाशी येऊन भिडते.

आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी मूळ मालिका दाखवली होती. ज्यांच्या घरी तेव्हा टीव्ही होता ते आज तिच्या आठवणी काढतात. माझा जन्मच मुळी त्यानंतरचा. आमच्या वस्तीत विज्ञानकथा आली ती १९९८ साली, 'कॅप्टन व्योम'च्या रूपाने, आणि तीही शेजारच्या दारात उभे राहून पाहिलेली. 'स्टार ट्रेक' भेटली ती जळगावला, विद्यापीठाच्या वसतिगृहात. खोलीतल्या एका मित्राकडे जुना संगणक होता. मला इंग्रजी सुधारायचे होते. खाली अक्षरे येणारे काहीतरी पाहा, असे कोणीतरी सुचवले. घराण्यातला पहिलाच पदवीधर असल्यामुळे इंग्रजीची धास्ती मोठी होती. ती या मालिकेने बरीचशी घालवली, हे उपकार आधी नोंदवून ठेवतो.

या मालिकेचे चाहते जगभर आहेत आणि सर्वोत्तम भागांच्या याद्या करणे हा त्यांचा आवडता उद्योग. त्या याद्यांत 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' (१९६७) आणि 'द इनर लाइट' (१९९२) ही नावे वर असतात. दोन्ही भाग सुंदर आहेत. पण माझी यादी वेगळी निघते, आणि ती वेगळी का निघते हे तपासण्यात मला रस आहे.

माझ्या यादीत पहिला भाग 'ॲक्सेशन'. 'डीप स्पेस नाइन'मधला, फेब्रुवारी १९९६ चा; लेखिका जेन एस्पेन्सन. सामान्य चाहत्याला तो फारसा आठवतही नाही. बजोर नावाचा एक धर्मनिष्ठ ग्रह आहे. परकीयांच्या प्रदीर्घ ताब्यातून तो नुकताच सुटलेला आहे. पूर्वी या ग्रहावर जातिव्यवस्था होती. तिला ते 'डजारा' म्हणत. कोणी कलावंत व्हायचे, कोणी शेती करायची, हे जन्माने ठरे. परकीयांशी लढताना प्रत्येकाला सैनिक व्हावे लागले म्हणून ती व्यवस्था बाजूला पडली. मग एके दिवशी दोनशे वर्षांपूर्वी नाहीसा झालेला अकोरेम लान हा थोर कवी देवांच्या गुहेतून परत यावा तसा परत येतो. मीच देवांचा खरा दूत आहे असे तो म्हणतो आणि पहिल्याच मोठ्या भाषणात डजारा पुन्हा पाळण्याची आज्ञा करतो.

मालिकेचा नायक बेंजामिन सिस्को. तो काळा माणूस आहे. बजोरचे लोक त्यालाच देवदूत मानत आले आहेत आणि या मानाचे त्याला ओझे झालेले आहे. कवी आला तेव्हा सिस्को खुशीने बाजूला होतो. आपण सोडलेल्या जागेवर काय येऊन बसणार आहे, हे त्याला पहिल्या दिवशी उमगत नाही.

त्यानंतरचे सगळे आपल्या ओळखीचे. किरा नावाची एक स्त्री अधिकारी आहे. लहानपणापासून ती स्वातंत्र्यासाठी लढलेली, निर्भय, कोणापुढे न वाकणारी. तिची जात कलावंतांची निघते. तिला कलेतले काहीही येत नाही. तरी ती हाती माती घेऊन पक्षी घडवू पाहते, तो बिघडतो, पुन्हा घडवते. शेवटी हुद्दा सोडून जायची तयारी करते, कारण धर्माने सांगितले आहे. खालच्या जातीचा माणूस तिला आपली जागा देऊ करतो तेव्हा ती अवघडते, पण व्यवस्था नाकारत नाही. किराचे पात्र मला म्हणूनच मोलाचे वाटते. ती दुष्ट नाही. आपल्या चळवळींच्या आसपास अशी माणसे आपण पाहिली आहेत : मोर्चात खांद्याला खांदा लावून चालणारी, आपल्या ताटात जेवणारी, आणि घरात लग्न ठरायची वेळ आली की 'वडीलधाऱ्यांचे मन मोडवत नाही' म्हणणारी.

आणि मग खून होतो. खालच्या जातीतला एक पुरोहित पद सोडायला तयार नसतो, म्हणून दुसरा पुरोहित त्याला ढकलून देऊन मारतो. मारणाऱ्याला पश्चात्ताप नाही. त्याच्या लेखी तो धर्माने वागला. हा प्रसंग मी वर्गात सांगितला तेव्हा मागच्या बाकावरून खैरलांजीचे नाव आले. २००६ साली ही मुले पाळण्यात होती, किंवा जन्मलीही नव्हती.

जातीचे बळ धर्माज्ञेत आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' ह्या निबंधात निःसंदिग्धपणे मांडले. एस्पेन्सन यांनी तो वाचला होता की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. कथेत मात्र ते तत्त्व तंतोतंत उतरले आहे. कवीजवळ सैन्य नाही, संपत्ती नाही. आहे ते केवळ धर्माचे प्रामाण्य, आणि तेवढे पुरते. परंतु कथेचा शेवट पाहा. सिस्को आणि कवी दोघे देवांकडेच जातात. देव सांगतात की सिस्को हाच आमचा दूत. कवी आपल्या काळात परत जातो, जात रद्द होते. म्हणजे जात आली ती देवाच्या नावाने आणि गेली तीही देवाच्याच शब्दाने. माझ्या एका विद्यार्थिनीने विचारले, ''आणि सर, देवांनी उलटे सांगितले असते तर?'' याचे उत्तर त्या भागात नाही. ज्याचा खून झाला त्याच्या घरापाशीही कथा थांबत नाही.

तरी या भागातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. जातीवर आधारलेला भेद संघाच्या सनदेविरुद्ध आहे, तो पाळणाऱ्या ग्रहाला संघात प्रवेश मिळणार नाही, असे सिस्को स्पष्ट बजावतो. हे १९९६ सालचे काल्पनिक नाट्य. २००१ साली दरबानला वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद भरली तेव्हा जातीचा प्रश्न तिच्या जाहीरनाम्यात येऊ नये म्हणून भारत सरकारने जोर लावला होता. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली ती २०२३ च्या फेब्रुवारीत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तशाच विधेयकावर सही करायचे नाकारले. मालिकेतला संघ आपल्या जगापेक्षा किती पुढे आहे, हे मोजायला प्रकाशवर्षांची गरज नाही.

दुसरा भाग मूळ मालिकेतला, २८ फेब्रुवारी १९६९ चा : 'द क्लाउड माइंडर्स'. आर्डाना नावाच्या ग्रहावर स्ट्रॅटोस हे शहर ढगांत तरंगते आहे. तिथे चित्रे आहेत, शिल्पे आहेत, गोड बोलणारी सुसंस्कृत माणसे आहेत. खाली खाणींत ट्रॉग्लाइट नावाचे लोक झेनाइट हे खनिज काढतात. वरच्यांचे म्हणणे असे की खालचे जात्याच मंदबुद्धी आणि हिंसक आहेत, त्यांना कलेची चाड नाही, त्यांना वर आणून उपयोग नाही. वॅना नावाची खाणकामगार स्त्री स्ट्रॅटोसमध्ये मोलकरीण होती. तिथे राहून तिने वरचे जग पाहिले आणि खाली येऊन बंड उभारले. स्ट्रॅटोसचा प्रमुख तिला पकडून यातना देतो, आणि त्याच दालनांत संस्कृतीच्या गप्पा चालू असतात.

वॅना हे माझे आवडते पात्र. तिला कोणी जागे करावे लागत नाही. बाहेरून आलेला कॅप्टन कर्क तिला समजावू लागतो तेव्हा ती त्याच्यावर सहजासहजी विश्वासही ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग डॉक्टर शोध लावतात की झेनाइटमधून एक वायू निघतो आणि त्याने बुद्धी तात्पुरती मंदावते. खाणीबाहेर आले की माणूस पूर्ववत होतो. हे सिद्ध करायला कर्क त्या प्रमुखाला आणि वॅनाला घेऊन खाणीत स्वतःला कोंडून घेतो, आणि थोड्याच वेळात कॅप्टनसाहेब आणि तो सुसंस्कृत प्रमुख एकमेकांच्या नरड्याला धरतात. हा प्रसंग विलक्षण आहे. ज्याला तुम्ही स्वभाव म्हणता ती परिस्थिती आहे, हे तासाभराच्या करमणुकीत इतक्या थेट रीतीने क्वचित सांगितले गेले असेल. राखीव जागांवर नाक मुरडणाऱ्या, 'गुणवत्ता' हा शब्द दातांत धरून बसलेल्या माझ्या काही सहकाऱ्यांना हा भाग दाखवावा असे नेहमी वाटते. (एकदा दाखवलाही. त्यांनी चित्रणाचे कौतुक केले.)

पण उपाय काय निघतो? मुखवटे. वायू गाळणारे मुखवटे कामगारांना द्यायचे. शहर ढगांतच राहते, खाण खालीच राहते. ज्याच्या मूळ कल्पनेवरून हा भाग झाला त्या डेव्हिड जेरॉल्डने पुढे हीच तक्रार केली : सामाजिक प्रश्न उभा केला आणि मुखवटे वाटून मिटवून टाकला. माझी मावशी जळगावला जिनिंगमध्ये कापसाच्या उडत्या तंतूंत तोंडाला फडके बांधून उभी असायची. फडके हवेच, त्याने खोकला कमी होतो. पण जिनिंगमध्ये कोण उभे राहणार आणि गादीवर कोण बसणार, हे त्या फडक्याने कधी ठरवले नाही.

तिसरा भाग 'द मेझर ऑफ अ मॅन', 'नेक्स्ट जनरेशन'मधला, फेब्रुवारी १९८९ चा. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास या आधी वकील होत्या आणि ते जाणवते. डेटा हा यंत्रमानव यानावर अधिकारी आहे. एक शास्त्रज्ञ त्याला उघडून पाहू इच्छितो, त्याच्यासारखे हजारो तयार करण्यासाठी. डेटा नाही म्हणतो, राजीनामा देतो. तेव्हा निर्णय येतो की तो राजीनामा देऊच शकत नाही, कारण तो सरकारी मालमत्ता आहे. खटला उभा राहतो. सरकारची बाजू मांडायला डेटाचाच मित्र रायकर याला भाग पाडले जाते. तो भर न्यायालयात डेटाचे बटण बंद करून त्याला बाहुल्यासारखा पाडतो. बचाव करणारा कॅप्टन पिकार्ड खचून यानावरच्या मद्यगृहात येतो. तिथे गायनन ही काळी स्त्री त्याला शांतपणे आठवण देते की प्रत्येक जगात कोणी ना कोणी टाकाऊ लोक असतात. नकोशी, कठीण कामे त्यांच्याकडून करून घेतली जातात आणि त्यांच्या सुखदुःखाचा विचार करावा लागत नाही. डेटासारखे हजारो म्हणजे गुलामांची एक संपूर्ण जात, हे तेव्हा पिकार्डला उमगते.

न्यायाधीश बाई शेवटी काय म्हणतात? याला आत्मा आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. मला तरी आहे काय? पण तो शोध घेण्याचे स्वातंत्र्य त्याला असले पाहिजे. आपला इतिहास न्यायालयांशी असाच जोडलेला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर आमचा हक्क आहे की ती इतरांची मालमत्ता आहे, याचा वाद सत्याग्रहानंतर दहा वर्षे चालून मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली संपला. त्याच वर्षी एका खटल्याच्या निमित्ताने बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दर ३१ जुलैला खानदेशातले लोक तिथे जमतात. माझी मुले त्या यात्रेला जातात. डेटाचा खटला त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

गायननचे काम करणाऱ्या व्हूपी गोल्डबर्ग यांची एक आठवण प्रसिद्ध आहे. लहानपणी त्यांनी मूळ मालिकेत उहुरा या काळ्या स्त्री अधिकाऱ्याला पाहिले आणि घरभर ओरडत धावल्या, की टीव्हीवर एक काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाही. उहुरा झालेल्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग त्यांना एका समारंभात भेटले आणि सोडू नका म्हणाले, ही हकीकत त्या २०२२ साली मरेपर्यंत सांगत राहिल्या. उहुराच्या वाट्याला संवाद थोडेच येत, हेही खरे. पण भविष्यकाळात आपण आहोत, हे पडद्यावर दिसणे ही लहान गोष्ट नव्हे.

आपण भविष्यकाळात कुठे आहोत? या मालिकेत भारतीय म्हणून ठळकपणे दिसतो तो 'स्पेस सीड' (१९६७) मधला खान नूनियन सिंग : निवडक पैदाशीतून जन्माला घातलेला, जन्मानेच श्रेष्ठ, पाव पृथ्वीवर राज्य केलेला हुकूमशहा. त्याची भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या नटाने केली. जन्मश्रेष्ठत्वाच्या रोगाचा नमुना दाखवायला भारतीय माणूस निवडला, याची मला थोडी गंमतच वाटते.

मराठी विज्ञानकथेतही मी आडनावे वाचत गेलो आहे. आमची क्वचित सापडली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली होती, आपल्या कीर्तीचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये म्हणून. मोठेपणाच होता तो. आमची मुले नाव बदलून खोली भाड्याने घेतात ती निराळ्या कारणाने.

म्हणून 'फार बियॉन्ड द स्टार्स' (फेब्रुवारी १९९८) हा भाग लेखनाची हौस असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी दाखवतो. सिस्कोला भास होतो की तो १९५३ च्या न्यूयॉर्कमधला बेनी रसेल हा विज्ञानकथालेखक आहे. वाचकांसाठी लेखकांचे छायाचित्र काढायचे असते तेव्हा संपादक त्याला आणि लेखिका के ईटनला त्या दिवशी उशिरा या असे सुचवतो. लेखक काळा आहे, आणि ईटन बाई आहे, हे वाचकांना कळू नये. बेनी एका काळ्या कॅप्टनची कथा लिहितो. सगळ्यांना आवडते. छापायची हिंमत कोणाला होत नाही. शेवटी ते सारे एका गरीब काळ्या माणसाचे स्वप्न होते असा बदल करून ती स्वीकारतात, आणि तरीही मालक तो अंकच रद्द करून टाकतो, बेनीला काढून टाकतो. हे केवळ कल्पित नाही. १९६७ साली सॅम्युएल डिलेनी या काळ्या लेखकाची 'नोव्हा' ही कादंबरी जॉन कॅम्पबेल या वजनदार संपादकाने नाकारली. वाचकांना काळा नायक पचणार नाही, असे कारण दिले गेले.

'ते स्वप्न होते असे करा' ही सूचना मला फार ओळखीची वाटते. दलित आत्मकथनाला प्रस्थापितांनी पुढे जागा दिली, पण बहुधा एकाच अटीवर : तुम्ही सोसलेले सांगा. उद्या काय घडवणार ते सांगू लागलात की 'हा तुमचा प्रांत नव्हे' असे सुचवले जाते.

आता माझ्या नावडीचेही सांगतो. 'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफील्ड' (जानेवारी १९६९) हा भाग वंशद्वेषावरचा म्हणून नावाजला जातो. अर्धे अंग काळे, अर्धे पांढरे अशी दोन माणसे. एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची पांढरी. एवढ्यावरून एक राज्यकर्ता आणि दुसरा गुलामांच्या कुळातला बंडखोर. त्यांचा ग्रह द्वेषाने जळून गेला आहे आणि तरी ते भांडतात. यानावरचे लोक दोघांकडे सारख्याच कीवेने पाहतात. छळणारा आणि छळला गेलेला यांचा 'द्वेष' एका मापाने मोजणे आपल्याकडच्या अग्रलेखांतूनही चालते. दृश्य म्हणून तो भाग प्रभावी आहे, पण मला तो पुन्हा पाहवत नाही.

माझी माय धुळ्याला रस्ते झाडायच्या कामावर होती, रोजंदारीने. आता ती घरी असते आणि कधी माझ्याशेजारी बसून ही चित्रे पाहते. मी अहिराणीत सांगत जातो. एकदा 'अप द लाँग लॅडर' (१९८९) हा विनोदी भाग लागला होता. खेड्यातली माणसे गुराढोरांसह यानावर आलेली, सगळीकडे गवत आणि घाण. मायने विचारले, ''एवढं मोठं यान. मंग झाडस कोन?''

योगायोग असा की त्याच भागात ब्रेना नावाची खेडवळ मुलगी हाच प्रश्न काढते. रायकर तिला सांगतो की यान आपले आपण साफ होते. मी मायला तेच सांगितले. ती हसली. ''मंग ते यंतर बिघडनं ते कोनले बलावतस?''

ही मालिका जिथे जिथे माझ्या मनाला पटते तिथे ती माणसाच्या नकाराजवळ थांबलेली असते, वॅनाच्या किंवा डेटाच्या. जिथे ती फसते तिथे तिने देवाला किंवा यंत्राला पुढे केलेले असते. यंत्रे आपल्याकडेही आली. गटारे उपसणारी यंत्रे बाजारात मिळतात. मैला वाहण्याविरुद्ध १९९३ साली एक कायदा झाला आणि २०१३ साली दुसरा. दुसऱ्या कायद्याने, संरक्षक साधने न देता माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला. आर्डानावरच्या मुखवट्यांसारखेच हे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. भरपाई वाढवावी लागली यावरून माणसे अजून उतरतात आणि मरतात हे उघड आहे. जो उतरतो त्याची जात विचारावी लागत नाही.

मायचा प्रश्न मी वर्गात मुलांना दिला आणि म्हटले, यान झाडणाऱ्या माणसाची गोष्ट लिहून आणा. बहुतेकांनी आणली नाही. परीक्षा जवळ आली होती. एका मुलीने चार पाने आणली. तिची नायिका यानाच्या तळमजल्यावर काम करते, यंत्र बिघडले की तिला बोलावतात, आणि यान कुठे चालले आहे हे तिला कोणी सांगत नाही. म्हणून ती तळातल्या नळ्यांच्या आवाजावरून दिशा ओळखायला शिकते. इथवर झाले आहे. नायिकेला नाव आहे, आडनाव मुलीने अजून घातलेले नाही. घालायचे की नाही यावर वर्गात दोन तट पडले आहेत आणि पुढच्या तासाला त्यावर बोलायचे ठरले आहे.